खिचडीतली डाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

अवयव घडताना त्यातली जनुकं कशी चालू-बंद होतात, यावरच्या माझ्या लेखावरील सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचा आक्षेप थोडक्यात: ‘अख्खा अवयव वाटून त्यातला आरएनए (चालू जनुकांची पेशीत निघणारी नक्कल) मोजला, तर जनुकांचं वागणं बदललं की पेशींचं मिश्रण बदललं, हे कसं कळणार? खिचडीत डाळ कमी पडली म्हणून डाळीची चव बदलली असं म्हणाल का?’

नाही म्हणणार. यकृताबाबत तर माझी चूकच झाली. ‘जन्माच्या आसपास यकृतातली शेकडो जनुकं बंद होतात’ असं मी ठोकून दिलं होतं. गर्भात काही महिने रक्त बनवायचं मुख्य काम यकृताकडे असतं. पुढे तो कारखाना अस्थिमज्जेत हलतो. म्हणजे त्यातली बरीच जनुकं बंद झाली नाहीत, ती वापरणाऱ्या पेशींनीच घर सोडलं. वाक्य दुरुस्त केलंय.

पण सगळंच खिचडीवर ढकलता येणार नाही. तुम्ही विदर्भातल्या लॅबमध्ये आहात, तेव्हा तुमच्याच टेबलावरचं एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन, रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन) घ्या. गर्भाच्या यकृतपेशी ते भरपूर बनवतात, आणि जन्मानंतर वर्षभरात ते अगदी खाली येतं. यकृतपेशी मात्र कुठेही गेलेल्या नसतात. अल्ब्युमिन या यकृतातच बनणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचं जनुक तर एएफपीच्या जनुकाचं शेजारी, दोन्ही चौथ्या गुणसूत्रावर, आणि ते जोरात चालूच राहतं. मोठ्या माणसात एएफपी चढलं की तुम्ही यकृताच्या कर्करोगाची शंका घेता, ती याच बंद झालेल्या जनुकाच्या भरवशावर.

दुसरं, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. दोष हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असतो, पण गर्भातल्या तांबड्या पेशी तिच्याऐवजी गॅमा साखळी वापरतात. म्हणून बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं आणि त्या वयात सोल्युबिलिटी टेस्टवर (सिकलसेलच्या साध्या चाळणी-चाचणीवर) विसंबता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं! गॅमाला दाबणारं मुख्य प्रथिन बीसीएल११ए. रुग्णाच्या रक्तपेशींच्या मूळपेशींमध्ये त्याच्या जनुकाचं नियंत्रण तोडलं की गॅमा पुन्हा सुरू होते. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-संपादनाचा उपचार यावरच उभा आहे. नुसतं पेशींचं प्रमाण बदलत असतं, तर हा उपाय चाललाच नसता. (गॅमाकडून बीटाकडे होणारा हा बदल जन्माची वाटही बघत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो साधारण गर्भधारणेपासूनच्या वयानुसारच होतो.)

आता मूळ लेखातलं हायडलबर्गच्या हेन्रिक केसमान यांच्या गटाचं २०१९चं काम. सात अवयव, सगळे अख्खेच मोजलेले. वाढीच्या सुरुवातीला वेगवेगळ्या प्राण्यांचे अवयव एकमेकांसारखे वागतात आणि वाढीबरोबर फरक रुंदावत जातो, हा त्यांचा निष्कर्ष मला अजूनही पटतो. सर्वांत वेगाने बदललेल्या वृषणाबद्दल मात्र तुमची शंका मी मान्य करतो, कारण प्रौढ वृषणात शुक्राणू घडवणाऱ्या पेशींचीच गर्दी असते.

त्याच गटाने २०२३मध्ये अनुमस्तिष्कातल्या (लहान मेंदूतल्या) पेशींच्या केंद्रकांतला आरएनए एकेक करून वाचला: माणूस, उंदीर आणि ओपॉसम (कांगारूसारखा शिशुधानी गटातला एक छोटा प्राणी). निकाल तुमच्याही बाजूचा आणि माझ्याही. वाढीच्या काळात माणसात पुरकिंजे पेशींचं (अनुमस्तिष्कातल्या मोठ्या चेतापेशींचं) प्रमाण इतर दोघांच्या जवळपास दुप्पट निघालं, म्हणजे खिचडीच वेगळी. आणि त्याच प्रकारच्या पेशींत काही जनुकं एका प्राण्यात चालू, दुसऱ्यात बंद सापडली.

‘ओपॉसम कशाला?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. त्याचं पिल्लू दोन आठवड्यांतच, आपल्या दृष्टीने अर्धवट घडलेलं, बाहेर येतं. त्यामुळे अवयवांचं वेळापत्रक जन्माच्या तारखेवरून लावायची सोय राहत नाही.