पदवी असताना पुन्हा पेपर कशाला? एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ॲक्च्युरिअल सायन्सच्या (विमा आणि पेन्शनमधल्या जोखमीचं गणित) पदवीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं नाही, म्हणून जरा लांबून सुरुवात करावी लागेल. तुमचे आक्षेप तीन आहेत. तीन वर्षं विद्यापीठात तेच विषय शिकल्यावर मुलीनं ॲक्च्युअरींच्या व्यावसायिक संस्थेचे पेपर पुन्हा का द्यायचे? बारावीला गणितात ९६ मिळवलेल्या मुलीला "गणित चांगलं असणं पुरत नाही" असं सांगणं म्हणजे तिचा उत्साह मारणं नाही का? आणि "बी.एस्सी. संख्याशास्त्र करूनही ॲक्च्युअरी होता येतं" हा लेखातला सल्ला मुलांना वाऱ्यावर सोडणारा आहे.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर कायद्यात आहे. १९४४ साली स्थापन झालेल्या ॲक्च्युरिअल सोसायटीच्या जागी २००६ च्या ॲक्च्युअरीज कायद्यानं इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया आली. ॲक्च्युअरी म्हणून सही करायची तर या संस्थेची फेलोशिप (सगळे पेपर संपल्यावरचं पूर्ण सदस्यत्व) आणि वर प्रॅक्टिस सर्टिफिकेट लागतं. प्रत्येक विमा कंपनीला एक नियुक्त ॲक्च्युअरी ठेवावाच लागतो, तो याच वाटेनं आलेला असतो. विद्यापीठाची पदवी, मग तिच्यावर ॲक्च्युरिअल सायन्स लिहिलेलं असो वा नसो, हा अधिकार देत नाही. २०१९ पासूनच्या रचनेत फेलोशिपपर्यंत तेरा पेपर आहेत: सात मूलभूत (संख्याशास्त्राचे सीएस १ व २, विमा-व्याजाच्या गणिताचे सीएम १ व २, व्यवसायविषयक सीबी १, २ व ३), प्रत्यक्ष कामाचे तीन सीपी, आणि एखाद्या खास क्षेत्राचे दोन एसपी व एक एसए. त्याशिवाय कामाचा अनुभव.

पदवीमुळे काही पेपरांतून सूट मिळू शकते, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये तिथल्या संस्थेनं मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांना अशा सवलती आहेत. पण तिथेही नुसतं पास होऊन भागत नाही. त्या त्या विषयात ठरावीक पातळीचे गुण लागतात, आणि अनेक मुलं पदवी घेतात पण सूट गमावतात. म्हणून कॉलेजच्या माहितीपत्रकात "सवलतींशी सुसंगत", "संस्थेच्या अभ्यासक्रमावर आधारित" असे शब्द दिसले तर त्यावर विसंबू नका. कोणत्या पेपरला, कोणत्या संस्थेकडून, किती गुणांवर आणि कोणत्या वर्षाच्या प्रवेशापासून सूट आहे, हे कॉलेजकडून लेखी मागा आणि संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा. "आधारित" म्हणजे सूट नव्हे.

आता दुसरा आक्षेप. ९६ गुण ही चांगली गोष्ट आहे आणि ती वाया जाणार नाही. पण बारावीचं गणित सूत्र ओळखायला शिकवतं, तर सीएम १ मध्ये वाक्य वाचून पैशाची वेळ ओळखावी लागते. हा फरक नुसता सांगून पटत नाही, म्हणून एक छोटं उदाहरण घेऊ.

चाळीस वर्षांच्या १,००,००० व्यक्ती आहेत. पुढच्या तीन वर्षांत त्यांच्यापैकी अनुक्रमे १८०, २०० आणि २२० जण मरण पावतील असं धरा. तीन वर्षांचा टर्म इन्शुरन्स, विमा रक्कम १० लाख, मृत्यू झाला तर पैसे त्या वर्षाच्या अखेरीस, व्याजदर ६ टक्के, खर्च नाही. हप्ता दर वर्षाच्या सुरुवातीला, व्यक्ती जिवंत असेल तर. वार्षिक हप्ता किती?

आधी दाव्यांचं आजचं मूल्य: ०.००१८ ला १.०६ ने, ०.००२० ला १.०६ च्या वर्गाने, ०.००२२ ला घनाने भागायचं, बेरीज १० लाखांनी गुणायची. येतात सुमारे ५,३२५ रुपये. मग एक रुपया हप्त्याचं आजचं मूल्य: पहिला रुपया आजच, सगळ्यांकडून, दुसरा उरलेल्या ९९,८२० जणांकडून एका वर्षानं, तिसरा ९९,६२० जणांकडून दोन वर्षांनी. बेरीज २.८२८३. भागाकार केला की हप्ता १,८८३ रुपये.

इथे नेहमी काय चुकतं? "दर वर्षाच्या सुरुवातीला" हे शब्द नजरेआड होतात आणि पाठ असलेलं वर्षाअखेरच्या ॲन्युइटीचं (ठरावीक काळानं दिल्या जाणाऱ्या रकमांचं) सूत्र घातलं जातं. भाजक २.६६२९ होतो आणि हप्ता जवळपास २,०००. आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही. दुसरी चूक मृत्युदराची. वर मृत्यू मूळच्या एक लाखातले दिले आहेत. त्याऐवजी प्रत्येक वयाचा मृत्युदर दिला असता, तर दुसऱ्या वर्षापासून तो जिवंत राहण्याच्या शक्यतेनं गुणावा लागला असता. तिसरी, दावा "वर्षाअखेरीस" की "मृत्यूनंतर लगेच". लगेच द्यायचा असेल तर मृत्यू सरासरी वर्षाच्या मध्यावर धरून दाव्यांचं मूल्य १.०६ च्या वर्गमुळानं गुणायचं. हप्ता जवळजवळ ५६ रुपयांनी वाढतो. या तिन्ही ठिकाणी गणित आठवी-नववीचं आहे, चुकतं ते वाचन.

घरात सगळ्यांना कळेल असा तसाच सापळा कर्जाचा. १० लाख, १० वर्षं, ९ टक्के, मासिक हप्ता. ९ टक्के हा दरमहा पाऊण टक्का, असं बँकेप्रमाणे धरलं तर हप्ता १२,६६८ येतो. तोच दर वार्षिक परिणामी (इफेक्टिव्ह, म्हणजे वर्षभराचं चक्रवाढ धरून ९ टक्के) म्हणून दिला असेल तर १२,४७८. फरक महिन्याला सुमारे १९० रुपयांचा, १२० महिन्यांत साडेबावीस हजारांच्या वर. प्रश्नातल्या एका विशेषणावर हे ठरतं. तुमच्या मुलीला हे सोडवायला द्या. तिला हे करताना मजा वाटली, तर ९६ गुणांपेक्षा मी त्याला जास्त महत्त्व देईन.

आणि गणितासोबत संगणक येतो, ही गोष्ट बरेच पालक विसरतात. सीएस आणि सीएमचे पेपर दोन भागांत असतात: एक लेखी, दुसरा संगणकावर. सीएस १ मध्ये आर ही भाषा लागते, सीएम १ मध्ये एक्सेल. आरमध्ये गॅमा वितरणाला दोन आकडे दिले की पहिला आकडा 'आकार' (शेप) आणि दुसरा 'रेट' समजला जातो, 'स्केल' नव्हे; रेट म्हणजे एक भागिले स्केल. पुस्तकात स्केल ५ दिलेला असताना तोच आकडा तसाच टाकला, तर आकार १ असताना सरासरी ५ ऐवजी ०.२ येते: पंचवीस पटींचा फरक, आणि चूक झाली असं संगणक सांगतही नाही. हे फळ्यावर शिकून येत नाही. कॉलेजला विचारा की आठवड्याला लॅबचे तास किती, आणि मुलं स्वतः टाइप करतात की फक्त बघतात.

तिसऱ्या आक्षेपाबाबत मी माझ्या सल्ल्यावर ठाम आहे. बी.एस्सी. संख्याशास्त्र चांगल्या विभागात केलं, तर संभाव्यता, वितरणं, अनुमान, रिग्रेशन हे सगळं खोलवर होतं, आणि सीएस १ चा मोठा भाग तोच आहे. प्रश्नपत्रिकेवर मात्र संस्थेची छाप वेगळी असते. "सिद्ध करा" च्या जोडीला शेवटी "भाष्य करा" येतं, आणि तिथले दोन-तीन गुण आकडे बरोबर असूनही जातात, कारण त्या आकड्याचा विमा कंपनीला अर्थ काय हे लिहिलेलं नसतं. या पदवीत जे सहसा मिळत नाही ते म्हणजे व्याजगणित, जीवनविम्याचं गणित आणि दाव्यांसाठीच्या राखीव निधीचं गणित. ते वेगळं करावं लागतं. ॲक्च्युरिअल सायन्सची पदवी हे सगळं एका वेळापत्रकात बसवते, शिवाय त्याच पेपरांचा अभ्यास करणारी मुलं सोबत असतात. ज्याला एकट्यानं बसून अभ्यास होत नाही त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि फी परवडत असेल तर मी कुणाला अडवणार नाही. पण तिसऱ्या वर्षी मन बदललं, तर संख्याशास्त्राच्या पदवीवर एम.एस्सी., डेटाचं काम, स्पर्धा परीक्षा हे सगळे दरवाजे उघडे राहतात. सतराव्या-अठराव्या वर्षी मन बदलण्याची मुभा ठेवणं याला वाऱ्यावर सोडणं म्हणता येणार नाही.

दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी क्रम असा ठेवा. बारावीनंतर संस्थेची प्रवेश परीक्षा एसीईटी: गणित, संख्याशास्त्र, माहितीचं आकलन, इंग्रजी, तर्क. मग सीबी २ किंवा सीएस १. सीबी २ अर्थशास्त्र असल्यामुळे परीक्षेची पद्धत अंगवळणी पडते आणि कॉलेजचा अभ्यास बुडत नाही. सीएस १ झाल्याशिवाय सीएस २ ला हात घालू नये. त्यात मार्कोव्ह साखळ्या, टाइम सिरीज आणि टिकाव-विश्लेषण (सर्व्हायव्हल ॲनालिसिस) आहे, सीएस १ कच्चं असेल तर ते पाठ करण्यापलीकडे काही होत नाही. सीएम २ त्याच कारणानं सीएम १ नंतर. परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एका खेपेला एकच अवघड पेपर पुरे. दोन सीएस-सीएम एकदम आणि त्यात विद्यापीठाचं सत्र, असं केलं की तिन्हीकडे काठावर येतं. चार-पाच पेपर झाले की इंटर्नशिप शोधावी, सगळे मूलभूत पेपर संपण्याची वाट पाहू नये. कामावर प्रत्यक्ष डेटा पाहिल्यावर पुढचे पेपर वेगळे वाटतात.

तुम्ही ज्या कॉलेजचा विचार करताय, त्याचा सत्रनिहाय अभ्यासक्रम इथे प्रतिक्रियेत चिकटवा, कॉलेजचं नाव नसलं तरी चालेल. सीएस १ आणि सीएम १ च्या अभ्यासक्रमाशी ओळीला ओळ लावून कुठे काय राहतंय ते लिहून देतो.