इतिहासाची पेटी कशी भरावी

सत्ता पुरती हाती आली आणि निवडणुकांची कटकट मिटली, की आपल्यासारख्या कर्तबगार राज्यकर्त्यापुढे एकच चिंता उरते: होऊन गेलेल्या गोष्टींचे काय करायचे? त्यासाठी समित्या नेमण्यापूर्वी आपण एप्रिलात आमच्या देवगडच्या बाजूला यावे आणि आंब्याची पेटी कशी भरतात ते पाहावे. वरच्या थरात घमघमणारा अस्सल हापूस, खाली परराज्यातून आलेला त्याचा जुळा भाऊ, मध्ये पेंढा आणि पेटीवर ठसठशीत ‘देवगड’. (हा उद्योग आम्ही करीत नाही, वाटेतले लोक करतात, असे आम्ही पाहुण्यांना देवाशपथ सांगतो.)

वरचा थर मात्र खराच हवा. ब्रह्मदेशाच्या लष्करशहांनी नव्या राजधानीत, नेपिडॉ येथे, तीन विजयी राजांचे अवाढव्य पुतळे उभारले. ते राजे खरे होते आणि त्यांचा पराक्रमही खरा होता. इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलेला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीत बंदिवासातच वारलेला थिबा राजा तेवढा त्या रांगेत नाही. हरलेला राजा वरच्या थरात शोभत नाही. त्याचा राजवाडा आम्ही सांभाळतो.

खालच्या थराची विद्या सोव्हिएत रशियाकडून घ्यावी. स्टालिनच्या शेजारी कालव्याकाठी उभा असलेला गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह मर्जीतून उतरला, तेव्हा त्याला आयुष्यातून आणि छायाचित्रातूनही वगळण्यात आले व त्याच्या जागी कालव्याचे पाणी भरण्यात आले. १९५३ मध्ये येझोव्हच्या जागी आलेल्या बेरियाचा निकाल लागल्यावर तर सरकारी ज्ञानकोशाच्या वर्गणीदारांना नवी पाने पाठवून कळवण्यात आले, की बेरियावरील पाने कात्रीने किंवा ब्लेडने कापावीत आणि त्या जागी बेरिंगच्या समुद्राची विस्तृत माहिती असलेली ही पाने चिकटवावीत. कल्पना नामी होती, पण ज्याच्या हाती कात्री दिली त्याला काय कापले ते जन्मभर पाठ झाले. आपण कात्री स्वतःकडेच ठेवावी.

चिकाटीही हवी. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी कातिनच्या जंगलात व इतरत्र सुमारे २२,००० पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्यावर त्याचे खापर जर्मनांवर फोडून ते १९९० पर्यंत तिथेच ठेवणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. अखेरीस मात्र त्यांचा धीर सुटला आणि १९८८ मध्ये पाठ्यपुस्तकेच खोटी ठरल्यामुळे शाळांची इतिहासाची परीक्षा रद्द करावी लागली. मुलांना इतिहासाने दिलेला एवढा निर्भेळ आनंद दुसरा ठाऊक नाही.

मुलांपासून मात्र जपावे. गेल्या मे महिन्यात भाच्याला विजयदुर्ग दाखवायला नेले होते. आंग्र्यांच्या आरमाराने इंग्रजांची कशी झोप उडवली, हे वाटाड्या छाती फुगवून सांगत होता आणि आम्हीही फुगलो होतो. “मग ते आरमार गेलं कुठे?” भाच्याने विचारले. १७५६ मध्ये इंग्रजांची जहाजे खाडीतून आग ओकत होती आणि जमिनीच्या बाजूने त्यांच्या मदतीला पेशव्यांचे सैन्य होते, एवढेच उत्तर होते. वाटाड्याने माझ्याकडे पाहिले, मी वाघोटनच्या खाडीकडे पाहिले.

“भरती चढतेय,” वाटाड्या म्हणाला, “तिकडून फोटो छान येतो.”

या माणसाला शिक्षणखात्यात घ्यावे.