एकतर्फी रेकॉर्डिंग

मुंबईत सोसायटीची रीडेव्हलपमेंटची मीटिंग हल्ली अर्धी गच्चीवर आणि अर्धी नेटवर भरते. विरारला राहायला गेलेले, न्यू जर्सीला स्थायिक झालेले आणि दोन मजले चढायचा कंटाळा असलेले, सगळे एकाच कॉलवर. मग कोणीतरी म्हणतं, "रेकॉर्ड करा हो, उद्या कोणी शब्द फिरवायला नको." करणार कोण? ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो, म्हणजे मी. बिल्डरकडून कॉर्पस, म्हणजे सभासदांना मिळणारा एकरकमी निधी, वाढवून घेणं याहून सोपं असावं.

बहुतेकांची पहिली उडी ऑडॅसिटीवर. आवाज रेकॉर्ड करायचा २००० सालापासूनचा प्रोग्राम, फुकट आणि गुणी. लाल बटण दाबलं की झालं! तासाभराने ऐकावं तर फाइलमध्ये फक्त आपण: "हो काका... नाही काका... तसं नव्हे काका..." काका काय म्हणाले ते काकांनाच ठाऊक. कारण साधं आहे. आपला आवाज माइकमधून आत जातो, काकांचा हेडफोनमधून बाहेर पडतो, आणि ऑडॅसिटी एका वेळी एकाच दारात उभी राहते. विंडोजवर ऑडिओ होस्ट 'वासापी' (WASAPI, विंडोजची आवाज हाताळायची एक पद्धत) करून रेकॉर्डिंग डिव्हाइस 'लूपबॅक', म्हणजे बाहेर पडणारा आवाजच पकडणारं, निवडलं तर काका येतात, पण आपण गायब. शिवाय स्पीकरकडे काहीच आवाज जात नसेल तर लूपबॅकचं रेकॉर्डिंगही थांबून राहतं. थोडक्यात, भाड्याचा आकडा ऐकून पडलेली ती बोलकी शांतता फाइलमध्ये उरतच नाही.

हेडफोन काढा, स्पीकर लावा, माइक दोघांनाही पकडेल, असा सल्ला देणारे प्रत्येक विंगमध्ये एक तरी असतात. माइक पकडतो खरा. कुकरच्या शिट्ट्या आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीनही पकडतो.

सरळ ओबीएस स्टुडिओ हा स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्राम घ्यावा. तोही फुकट. सेटिंग्जच्या ऑडिओ पानावर 'डेस्कटॉप ऑडिओ' आणि 'माइक' या दोन्ही ठिकाणी 'डिफॉल्ट' न ठेवता आपला हेडसेट नाव बघून निवडायचा. विंडोज नेहमीच्या आवाजासाठी एक आणि कॉलसाठी दुसरं अशी दोन डिफॉल्ट उपकरणं ठेवू शकतं. कॉल दुसऱ्यावर चालू आणि ओबीएस पहिल्यावर कान लावून बसलेला, हा घोळ इथलाच. मग आउटपुट 'अ‍ॅडव्हान्स्ड' करून रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक १, २ आणि ३ वर टिक, आणि अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइक फक्त ट्रॅक १ व २ वर, डेस्कटॉप फक्त ट्रॅक १ व ३ वर. पहिल्यात सगळे, दुसऱ्यात आपण, तिसऱ्यात बाकीचे. नंतर आपली खोकल्याची उबळ कापली तरी काकांचा मुद्दा शाबूत राहतो. फॉरमॅट एमकेव्हीच ठेवा: मध्येच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं, साध्या एमपी४चा भरवसा नाही. चित्राची खिडकी काळी दिसेल. दिसू दे, आपल्याला आवाजाशी कर्तव्य.

ब्लूटूथ इयरफोन मात्र नको. त्याचा माइक चालू झाला की तो बहुतेकदा कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाजाचा दर्जा घसरतो; सगळे सदस्य बोगद्यातून बोलताहेत असं वाटतं. लॅमिंग्टन रोडवरचा साधा वायरवाला हेडसेट बरा. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकायचं, दोन्ही मीटर हलतात का बघायचं, आणि मगच सभा सुरू. 'रेकॉर्डिंग चालू आहे' हेही मोठ्याने सांगायचं. त्यावर पाच मिनिटं सगळे 'माननीय सदस्य' वगैरे बोलतात, मग पार्किंगचा विषय निघतो.

साफसफाईला पुन्हा ऑडॅसिटी. एमकेव्ही उघडायला एफएफएमपेग (FFmpeg) या वेगळ्या सॉफ्टवेअरची जोड लागते. नुसता पंखाच ऐकू येतो असा सेकंदभराचा तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल, म्हणजे त्या घरघरीचा नमुना, घ्या, मग सगळा ट्रॅक निवडून सहा ते बारा डेसिबल नॉइज रिडक्शन. जास्त लावलं तर माणसं पाण्याखालून बोलू लागतात. पंख्यासारखी एकसुरी घरघर यातून जाते. शिट्टी आणि ड्रिल जात नाहीत, तळमजल्याच्या आजीही नाहीत.

४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह (WAV) फाइल म्हणजे तासाला सुमारे ३४६ एमबी. तीच ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ केली की २९ एमबीच्या आत, म्हणजे ग्रुपवर टाकता येते. टाकल्यावर पाच मिनिटांत उत्तर येतं: "ऐकायला वेळ नाही, काय ठरलं ते दोन ओळींत लिहा ना."