म्हाताऱ्या माणसांना बसवून ठेवा म्हणे!

साताऱ्यातल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, भावकीच्या ग्रुपवरनं गेला की सोसायटीच्या ग्रुपवर हजर. म्हणणं असं की सत्तरीनंतर हाड आधी आपोआप मोडतं आणि मग माणूस पडतो, म्हणजे पडणं काही टळत नाही, तेव्हा आई-वडलांना जिना चढू देऊ नका, बसवून ठेवा, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू ठेवा, आणि काठी देऊ नका कारण काठी आली की माणूस खचला. खाली हात जोडलेले, 'सर्वांना पाठवा'.

हाडाचं आधी बघू. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी, तिचं म्हणणं आहे की खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर पडल्यामुळंच होतात, जास्त करून कुशीवर पडून. हाड फारच ठिसूळ असलं किंवा हाडात कॅन्सर पसरला असला तर आधी मोडू शकतं, नाही असं नाही, पण तो अपवाद झाला.

आता बसवून ठेवा. याचा मला खरा राग येतो, कारण हे सगळं मायेनंच चालतं. मुलगा पुण्याला, सून नोकरीला, मग आईला बजावून ठेवायचं की तू उठूच नको, पाणी पण जाग्यावर मिळंल. थोड्याच दिवसात मांड्यांमधली ताकद जाते, तोल जातो, आणि रात्री लघवीला तर उठावंच लागतं की, तेव्हा कोण असतं धरायला? २०१९ साली औषधोपचाराचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या लोकांनी साठीपुढच्या माणसांवरच्या शंभराहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी निघालं. पण त्यात मेख अशी की फायदा मुख्यतः तोल सांभाळायच्या आणि पायात ताकद आणायच्या व्यायामाचा, नुसत्या चालण्याचा तेवढा पुरावा नाही. म्हणजे गोलबागेत चार चकरा मारून बाकड्यावर राजकारण करणाऱ्या मंडळींनी (आमचे काका त्यातलेच) एवढ्यावर खूश होऊ नये. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, खुर्चीतनं हात न टेकता उठायचं-बसायचं, धरून एका पायावर उभं राहायचं. आधी पडलेलं माणूस असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून.

व्हिटॅमिन डी. कमतरता असेल तर डॉक्टर देतील, घ्या. पण जास्त घेतलं की जास्त फायदा, असं अजिबात नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातनं एकदा ५ लाख युनिटचा डोस देऊन बघितला, २०१० साली निकाल आला, तर डोस घेतलेल्या बायका उलट जास्त पडल्या आणि फ्रॅक्चरही जास्त झाली. तेव्हा मेडिकलमधनं ६० हजार युनिटवाली पाकिटं आणून मनानंच चालू करू नका.

मेसेजमध्ये गोळ्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही, आणि खरी गोम बऱ्याचदा तिथंच असते. झोपेची गोळी, बीपीची, प्रोस्टेटची, सगळ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, आणि माणूस अंथरुणातनं ताडकन उठला की डोळ्यापुढं अंधारी. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त उतरलं तर गोळ्या तपासून घ्यायची वेळ आलीय. स्वतःहून गोळी बंद करू नका, सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढं ठेवा आणि झोपवून, मग उभं करून बीपी मोजा म्हणावं.

काठीनं कोण खचत नाही, चुकीच्या काठीनं पडतो. हात सरळ सोडल्यावर मनगटापर्यंत उंची, खाली रबरी बूच, ते झिजलं की बदलायचं, आणि दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. बास.

राहिलं घर. आपलं गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, पेठांमधल्या जुन्या घरांना उंच दगडी पायऱ्या, पावसाळ्यात त्यावर शेवाळ, आत गुळगुळीत फरशी आणि त्यावर सरकणारं पायपुसणं. शेवाळ घासून काढा, पायपुसणं काढून टाका, संडासच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा. बाथरूममध्ये दांडा बसवताना प्लंबर म्हणंल टॉवेलचा रॉड आहे की, त्यालाच धरतील. तो टॉवेलचं वजन पेलतो, माणसाचं नाही. व्हॅक्यूमनं चिकटणारा हँडलपण नको, ऐन वेळेला सुटतो. भिंतीत भोक पाडून बोल्टनं घट्ट बसवलेला स्टीलचा दांडा पाहिजे, कमोडच्या बाजूला एक आणि अंघोळीच्या जागी एक.