पाइप-अँगल जमिनीवरच रचा, हे मला पटत नाही

हार्डवेअरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: ‘लांब मालाला रॅक म्हणजे फुकट खर्च. जमिनीवर रचा, जागा वाचते. घाई असेल तर गडी वाढवा. कोकणच्या हवेत रॅक गंजतोच.’ चिपळुणात माझं गोडाऊन आहे, म्हणून लिहितो.

जागा वाचते, पण माल एकाच मापाचा असेल तर. आपल्याकडे पंधरा-वीस मापं. जमीन पुरत नाही म्हणून मापावर माप चढतं. त्यात वीस फुटी पाइप टोकाकडून ओढायचा तर पुढे वीस फूट मोकळे लागतात. ते कुणी मोजत नाही. कॅन्टिलिव्हर रॅकला समोर खांब नसतो, नुसते हात बाहेर आलेले. नग आडवाच उचलून घ्यायचा.

गडी वाढवा, हे सगळ्यात जास्त खटकलं. ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) मीटरला साडेचार किलो, म्हणजे सहा मीटरचा नग २७ किलो. हवा तो दुसऱ्या मापाचा नग तळाला आणि वर असे वीस, तर ५४० किलो बाजूला काढायचे नि पुन्हा रचायचे. गिऱ्हाइकाच्या हातात पडतो एक नग. गडी दोन असोत की चार, वजन तेवढंच राहतं, आणि थप्पी सरकली की बोटं चेंगरतात ती त्यांचीच. रॅकवर प्रत्येक मापाला वेगळी जागा. जड अँगल कमरेच्या उंचीला, पीव्हीसी वर.

गंजाचं म्हणाल तर गरम जस्तात बुडवलेला रॅक घ्या. आधी गंजतो तो जमिनीवरचा माल: खालून ओल, वारा नाही, आणि नवा माल वर पडत गेल्याने तळचा तिथेच राहतो. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरासारखं पाणी आलं तर रॅकही वाचवणार नाही. पण फूटभर पाणी शिरलं तर नक्की वाचवेल.

खर्च आहे, हे मान्य. दुमडून आलेल्या सळईला रॅक नकोच. ती काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बरी. रॅकचे बोल्ट जांभ्यावर मारू नका, आधी काँक्रीटचा पाया घाला. आणि सहा मीटरच्या पीव्हीसीला दोन हात पुरत नाहीत, पाइप मधे वाकतो. दीड-दीड मीटरवर चार हात द्या, दोन्ही टोकं पाऊण मीटर बाहेर राहतील.