घडीच्या भिंतीपलीकडचे तज्ज्ञ

सभागृह 'अ', 'ब' आणि 'क' ही तीन सभागृहं नसतात. हॉल एकच, मध्ये घडीच्या भिंती ओढलेल्या. परवा 'ब'मध्ये जुन्या हस्तलिखितांवर माझं व्याख्यान होतं, 'अ'मध्ये मूळव्याधतज्ज्ञांची परिषद आणि 'क'मध्ये निवृत्त विमा एजंटांचा मेळावा. नोंदणीचं टेबल तिघांना मिळून एक. तिथल्या मुलीने माझ्या गळ्यात 'अ'चा बिल्ला अडकवला. बदलून मागितला, तर म्हणाली, "सर, तुमचे संपले."

वळतो तोच 'क'मधल्या एका काकांनी गाठलं.

"डॉक्टर, दोनच मिनिटं."

"मी डॉक्टर नाही हो."

"फुकटात विचारलं की सगळे असंच म्हणतात."

"खरंच नाही. मी जुनी हस्तलिखितं वाचतो."

"मग हे वाचा," म्हणत त्यांनी खिशातून चौपट घडीचं प्रिस्क्रिप्शन काढलं. चारचौघं जमली. मला एक ओळ लागेल तर शपथ! मोडी परवडली. काका कुजबुजले, "एवढं वाईट आहे?"

व्याख्यानाला उभा राहिलो, तर माझा आणि 'अ'चा कॉर्डलेस माईक एकाच फ्रीक्वेन्सीवर. अशा वेळी रिसीव्हर ज्याचा सिग्नल जोरात त्याचंच ऐकतो, दुसऱ्याला बसवतो. मी म्हणालो, "पोथ्यांची ही पानं फार नाजूक झालेली असतात, म्हणून..." आणि स्पीकरमधून भारदस्त आवाज आला, "रोज कोमट पाण्यात बसवावं. पंधरा मिनिटं."

लोक हसले ते ठीक. पहिल्या रांगेतल्या बाई ते लिहून घेत होत्या! आणि मागून काका उठले, "सकाळी की रात्री?"

मॅनेजरकडे गेलो. "भिंती साउंडप्रूफ आहेत सर." असतीलही. पण त्या फॉल्स सीलिंगपाशीच संपतात, वरची पोकळी तिन्ही हॉलची एकच, आवाज खुशाल वरून जातो. शिवाय रेडिओला कसली भिंत? माईकचे चॅनेल आधी वाटून द्यायचे, एवढंच तर काम! तेही तिघांना पूर्ण हॉलचं भाडं लावणाऱ्यांना जमू नये?

"तुमचं भाषण छान झालं हं," तो म्हणाला. "तो कोमट पाण्याचा मुद्दा विशेष."