"जुनी गाडी म्हणजे रणगाडा" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

परत तो मेसेज फिरायला लागलाय. वर एक लांबलचक जुनी अमेरिकन गाडी, खाली चुराडा झालेली नवी हॅचबॅक, आणि मजकूर असा की जुन्या गाड्या जाड पोलादाच्या, ठोकली तरी आतल्याला खरचटत नाही, आताच्या कंपन्या पत्र्याचे डबे विकतात, तेव्हा शहाण्याने जुनीच घ्यावी. मला जुन्या गाड्यांचं वेड आहे, मसल कारचा, म्हणजे मोठ्या इंजिनच्या जुन्या अमेरिकन गाडीचा, आवाज ऐकला की हातातलं काम थांबतं, त्यामुळे एरवी सोडून दिलं असतं. पण आमच्या एका मित्राने कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी १९९० च्या दशकातली गाडी बघायला घेतलीय, कारण विचारलं तर म्हणे "लोखंड आहे रे". म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी." पत्रा जाड होता हे खरंय, लहानपणी काकांच्या पद्मिनीच्या बॉनेटवर आम्ही तिघं बसायचो आणि पोचा यायचा नाही. पण अपघातात जीव वाचवतो तो आतला सांगाडा, बाहेरचा पत्रा नाही. आताच्या बऱ्याच गाड्यांत दारांमधले खांब बोरॉन स्टीलचे असतात, ताणशक्ती १५०० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे जुन्या साध्या पोलादाच्या चार-पाचपट. बोटाने दाबल्यावर वाकतो तो फेंडर, म्हणजे चाकावरचा बाहेरचा पत्रा, त्याच्यावर तुमचा जीव अवलंबूनच नाहीये.

"चेपत नाही तीच चांगली." सगळी गफलत इथे आहे. ताशी ६४ किलोमीटरने गाडी भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपत थांबली तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या साधारण २७ पट बसतो, तीच गाडी १० सेंटिमीटरमध्ये थांबली तर १६० पट. गणित शाळेतलं आहे, वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, मग ९.८ ने भागा, कोणीही करून बघा. तो धक्का कुठेतरी जाणारच, गाडीने नाही घेतला तर तुमच्या छातीने आणि मानेने घ्यायचा. आणि हे आजकालच्या काटकसरीतून आलेलं नाही, मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांनी मुद्दाम चेपणाऱ्या पुढच्या-मागच्या भागाची कल्पना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पेटंट केली होती आणि १९५९ मध्ये ती रस्त्यावरच्या गाडीत आली. उलट त्या काळच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा एकसंध लोखंडी, समोरून धडक बसली की तो सरळ ड्रायव्हरच्या छातीकडे यायचा. दाबला जाणारा दांडा जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांपासून दिला.

"ती क्रॅश टेस्ट बनावट होती, इंजिन काढलेलं होतं." हे अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या २००९ च्या टेस्टबद्दल आहे. त्यांनी १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची मॅलिबू समोरासमोर, प्रत्येकी ताशी ६४ च्या वेगाने, अर्धवट एका बाजूने आपटवली. बेल एअरमध्ये सहा सिलिंडरचं इंजिन जागेवर होतं आणि वजनातही ती काही कमी नव्हती. तरी तिची ड्रायव्हरची जागाच आत दबली, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग माणसाच्या जागी बसवलेल्या डमीवर (पुतळ्यावर) आले, खरा माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूच्या डमीला पायाची दुखापत, केबिन जवळजवळ जशीच्या तशी. मग लोक म्हणतात की बेल एअरची एक्स आकाराची चेसिसच (गाडीचा खालचा सांगाडा) कमजोर होती. बरोबर, पण तीच चेसिस शेवरलेने मोठ्या गाड्यांत १९६४ पर्यंत लाखोंनी विकली, रणगाडा म्हणतात ते हिलाच ना?

मसल कारचं तर विचारूच नका. १९६८ ची प्लिमथ रोड रनर घ्या, ३३५ हॉर्सपॉवर, आणि स्टँडर्ड ब्रेक चारही चाकांना ड्रम, पुढचे डिस्क हवे तर जादा पैसे मोजा. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ, मागून जोरात ठोकली आणि टाकी फुटली तर पेट्रोल आणि तुम्ही यांच्यामध्ये मागची सीट सोडली तर फारसं काही नाही. मला ती गाडी आवडतेच, पण आवडते म्हणून हे लपवणार नाही.

"जुन्या गाड्या वजनदार." आपल्याकडची पद्मिनी साधारण ९०० किलोची, आजची स्विफ्ट जवळपास तेवढीच. झालं.

"आजोबांनी ४० वर्षं चालवली, काही झालं नाही." आजोबा वाचले म्हणून ही गोष्ट घरात सांगितली जाते, जे गेले त्यांचे नातू ग्रुपवर लिहीत नाहीयेत. अमेरिकेत १९६६ च्या सुमारास दर १० कोटी मैल प्रवासामागे साडेपाच माणसं मरायची, हल्ली हा आकडा सव्वाच्या आसपास आहे. त्यात बेल्ट, रस्ते, हॉस्पिटलं सगळ्याचा वाटा आहे, पण गाडीचा वाटा मोठा आहे.

आता त्या मेसेजमधलं जे खरं आहे तेही सांगतो. नवी आहे म्हणून चांगली, असंही नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या संस्थेने, भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटल्या आणि पाचही शून्य स्टारवर आल्या. मेक्सिकोत २०१५ ची निस्सान त्सुरू नवी कोरी मिळायची पण डिझाइन १९९० च्या सुमाराचं, २०१६ मध्ये ती त्याच कंपनीच्या नव्या व्हर्सावर आपटली तेव्हा त्सुरूच्या ड्रायव्हरला जगायची आशा नव्हती. म्हणजे बघायचं ते डिझाइन कधीचं आणि स्टार किती, पत्रा वाजवून कळत नाही.

मित्राला मी हेच सांगितलं. सेकंडहँडच घे, पण २०२२ नंतर बनलेली, पुढे दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाल्यानंतरची, त्या मॉडेलचा क्रॅश रिझल्ट बघ, आणि गाडी लिफ्टवर चढवून खालचे चेसिसचे रेल वेल्डिंग केलेले नाहीत ना ते मेकॅनिककडून तपासून घे, कारण एकदा जोरात ठोकून सरळ केलेली गाडी पुढच्या वेळी हवी तशी चेपत नाही. जुनी हवीच असेल तर तीही घे, रविवारी सकाळी सहाला लोणावळ्याला जाऊ, मी बरोबर येतो. पण रोज हायवेवरून कॉलेजला जाणाऱ्या पोरीच्या हातात ती देऊ नकोस.